राजा नसेल तिथे

कागदावर पसरत गेलेला लोणच्याच्या तेलाचा डाग.

बर्फावर टाकायच्या मिठाची अर्धी गोणी.

कॅनडातल्या विंडसर गावात उत्तरेकडे पाहिले की अमेरिका दिसते. नकाशा पाहिलेल्या माणसाला हे पटत नाही.

कापसाचा बोळा आणि एका परक्या बाईची थुंकी.

अलिबागजवळच्या खंडाळा गावात खडकावर घोड्याच्या टापेची खूण आहे म्हणतात. मी ती पाहिलेली नाही. मला ती नीट माहीत आहे.

"मजेत."

मित्रांनो, मी एक जुना राजा आहे. म्हणजे राजाचे चित्र. वरच्या गोष्टींचा राजाशी काहीही संबंध नाही. माझ्याशी आहे.

पाठ

चित्राची गोष्ट मागून सुरू करावी. मागे कापड असते. माझे कापड तागाचे आहे, लाकडी चौकटीवर ताणून बसवलेले. त्यावर सरस, सरसावर पांढरी माती, मातीवर तपकिरी रंग आणि त्यावर राजा. स्पेनच्या दरबारातल्या चित्रशाळेत चारशे वर्षांपूर्वी हे काम झाले. अंगात काळा मखमली पोशाख, गळ्याभोवती चुणीदार पांढरी कॉलर, छातीवर सोन्याची साखळी, एक हात तलवारीच्या मुठीवर. पांढरट दाढी. राजा तेव्हा म्हातारा होता.

दरबारी चित्र कशासाठी असते, सांगू? राजा एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. बाकीच्या ठिकाणी चित्र पाठवतात. ज्या किल्ल्यात तो कधी जाणार नाही, ज्या वकिलाला तो कधी भेटणार नाही, तिथे मला टांगत. लोक माझ्यासमोर टोपी काढत. मला पाठ न दाखवता मागे सरत दाराबाहेर जात. माझी स्तुतीही फार झाली. लेस किती बारीक, सोने किती खरे.

पण मी आहे याचा अर्थच राजा नाही, असा होता. सगळ्यांना ते ठाऊक होते. आणि राजाशी आपण होऊन कोण बोलणार? माझ्याकडे सगळे पाहत. माझ्याशी कोणी बोलत नसे.

वार्निश

पुढच्या प्रत्येक मालकाने माझ्यावर वार्निशचा एक हात दिला. चकाकी यावी म्हणून. वार्निश आधी चकाकते, मग पिवळे पडते, मग तपकिरी होते. त्यात मेणबत्त्यांचा धूर, कोळशाचा धूर. आधी तलवार दिसेनाशी झाली. मग हात. मग साखळी. मग ती अभिमानाची कॉलर. शेवटी अंधारातून बाहेर डोकावणारा एक चेहरा तेवढा उरला. पांढरी दाढी, दोन डोळे.

अशा अवस्थेत मी समुद्र ओलांडला. कॅनडात, विंडसरमधल्या एका श्रीमंत माणसाच्या जिन्यात पुष्कळ वर्षे लटकलो. तो वारला. मुलांनी घरातले सामान बाहेर गवतावर मांडून विकायला काढले. १९६८ साल होते. ऊन होते. इतके ऊन मी जन्मात खाल्ले नव्हते.

खिळा

मला घेतले इझिकेल नागावकरने. गाड्यांच्या कारखान्यात तो यंत्रावर काम करी. तो कोकणातला बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा यहुदी. त्याला मी नको होतो, माझी कोरीव चौकट हवी होती. विकणाऱ्या मुलाने जाता जाता सांगितले की हा स्पेनचा कुठलासा राजा आहे. इझिकेल हो म्हणाला आणि मला गाडीच्या टपावर बांधले.

टिर्झाने, त्याच्या बायकोने, मला दारातच अडवले. हा कोणाचा म्हातारा उचलून आणलास, आपल्याकडचे काय कमी आहेत, असे तिने विचारले. मला कुठे लावावे यावर घरात थोडा वाद झाला. वॉशरूमसमोरच्या भिंतीत आधीचा एक खिळा होता. तिथे मला लावले. चौकटीतून मला काढायचे ते इझिकेलच्या हातून राहूनच गेले. त्यांची लहान मुलगी डेझी येता-जाता मला जीभ दाखवी. बाकीची माणसे माझ्यासमोरून घाईने जात. चारशे वर्षांत राजासमोर एवढी घाई कोणी केली नव्हती.

दाढी

१९७१. इझिकेलचे वडील वारले. नागावात आई एकटी राहिली, म्हणून त्याने तिला इकडे आणले. शोशनाबाई जानेवारीत उतरल्या. पायांत सपाता होत्या.

त्यांच्या पेटीत सगळ्यांत वर, साडीत गुंडाळून, एलियाहू हनावीची तसबीर होती. मित्रांनो, हे नीट समजून घ्या. बेने इस्राएल चित्राची पूजा करत नाहीत. कुठल्याच चित्राची नाही. पण एलियाहू नावाचा त्यांचा एक जुना संदेष्टा, म्हणजे हनावी, आहे. तो अग्नीच्या रथातून थेट वर गेला, मेलाच नाही, म्हणून अडीअडचणीला अजून येतो. कोकणात तर तो येऊनही गेला, असे ते मानतात. खडकावरची टापेची खूण त्याच्याच घोड्याची. म्हणून घरोघर त्याची तसबीर असते. पांढऱ्या दाढीचा म्हातारा. त्याच्यापुढे हात जोडत नाहीत. पण तो भिंतीवर असला की घर रिकामे वाटत नाही. नवस बोलतात तो देवाला, एलियाहूच्या नावाने. काम झाले की मलिदा करतात. गोड पोहे, नारळ, वेलची, वर फळे. प्रार्थना म्हणतात आणि वाटतात.

पेटीत तसबिरीखाली कैरीच्या लोणच्याची बरणी होती. विमानात ती उलटली. काच फुटली होती, आणि कागदावर तेल असे पसरले होते की रथ गेला, घोडे गेले, एलियाहूही गेला.

शोशनाबाईंनी ती पुन्हा साडीत गुंडाळली. त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेतला, तिसऱ्या दिवशी तोही नको म्हणाल्या. टिर्झाने भात मऊ केला, मासे आणले, रागावून पाहिले. इझिकेल कामावर जाताना आईच्या खोलीच्या दाराशी उभा राही आणि तसाच निघून जाई.

मग एका सकाळी त्या वॉशरूमकडे निघाल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. बोळकांडीत उजेड कमी. त्या माझ्यासमोर थांबल्या. पदर डोक्यावर घेतला.

"आलास होय रे इथंसुद्धा?" त्या म्हणाल्या. "एवढ्या थंडीत?"

त्यांनी मला बोटे लावली आणि ती बोटे ओठांना लावली.

इझिकेल मागे उभा होता, हातात बुटांची जोडी. त्याने तोंड उघडले. मग मिटले. त्या दिवशी त्याची आई पोटभर जेवली, आणि दुपारी टिर्झाला म्हणाली की हनावीला मोरीसमोर टांगतात का गं, काही रीतभात आहे की नाही? संध्याकाळी मला बैठकीच्या खोलीत नेले. इझिकेलने बायकोला स्वयंपाकघरात नेऊन काही सांगितले. टिर्झा एकदा माझ्याकडे पाहून हसली, मग हसायची थांबली.

असा मी पुन्हा, जो येणार नव्हता त्याच्या जागी टांगला गेलो. ते काम मला येत होते.

कान

चित्राला कान रंगवलेले असतात. माझा एकच दिसतो.

१९७४ मध्ये सगळे टोरांटोजवळ रिचमंड हिलला राहायला गेले. सामान ट्रकमधून गेले. शोशनाबाईंनी मला ट्रकमध्ये चढवू दिले नाही. मी त्यांच्या शेजारी, गाडीच्या मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून आलो. वाटेत त्या मला कुठे काय दिसते ते सांगत होत्या. फारसे काही दिसत नव्हते.

नव्या घरात सकाळी तीन दारे वाजत. इझिकेल जाई, टिर्झा जाई, डेझी शाळेच्या बसला धावे. मग आम्ही दोघे.

त्या बोलत. भाजी निवडताना, वाती करताना, खिडकीतून समोरच्या माणसाला बर्फ शोव्हल करताना बघत. दुपारी इझिकेल कामावरून फोन करी, आई, बरी आहेस ना? त्या म्हणत, "मजेत." फोन ठेवून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "मजेत म्हणाले मी."

काय काय बोलत, ते सगळे सांगणार नाही. ते माझे नाही. थोडे सांगतो. नागावातल्या त्यांच्या घरामागे सासऱ्यांचा तेलाचा घाणा होता. बैल मेल्यावर काही दिवस सासरे स्वतः घाण्याला लागले होते. डेझी इंग्रजीत भरभर काही सांगे तेव्हा त्या "येस, येस" म्हणत. एकदा त्या येस म्हणाल्या आणि पोर रडायला लागली, का ते त्यांना अजून कळले नव्हते. एकदा त्या बस स्टॉपपर्यंत गेल्या होत्या. बस आली, दार उघडले, ड्रायव्हर वाट बघत राहिला. त्या परत आल्या. हे त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही.

चारशे वर्षांत माझ्याशी बोललेले ते पहिले माणूस.

आणि मी तो नव्हतो. मित्रांनो, मला दुसरी कुठली काळजी नव्हती. किडा लागेल, रंग उडेल, याची नव्हती. त्यांना कळले तर त्या कोणाशी बोलतील, एवढीच.

मलिदा असला की टोरांटोहून इझिकेलचा मित्र नथानिएल गाडी घेऊन येई. प्रार्थना म्हणायला आवाज तोच लावी. पहिल्याच खेपेला दुपारचे ऊन माझ्यावर तिरपे पडले आणि त्याने मला जवळून पाहिले. मग इझिकेलला दाराशी गाठून हळूच विचारले, एलियाहूने रथ विकून गळ्यात सोने केले काय रे? इझिकेलने त्याच्या पायावर पाय दिला. त्यानंतर प्रार्थना म्हणताना नथानिएल नेहमी माझ्याकडे थोडी पाठ करून बसे. त्या खोलीत राजाला पाठ दाखवणारा तो एकटाच, आणि बरोबर वागणाराही तोच.

थुंकी

१९८३. शोशनाबाईंच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. मोतीबिंदू पिकला होता. त्या घाबरल्या होत्या. मला तसे म्हणाल्याही. डोळा नीट झाला तर मलिदा करीन, असा नवस बोलल्या.

डेझी आता युनिव्हर्सिटीत होती. चित्रांचा इतिहास शिकत होती. तिला एक कल्पना सुचली. आजीचे डोळे स्वच्छ होणार, तर आजीचा हनावीही स्वच्छ करून द्यावा. आजी हॉस्पिटलमध्ये असताना. सरप्राइज. इझिकेलने नको म्हटले. जुने आहे ते तसेच बरे, म्हणाला. तिने का विचारले, त्याला सांगता येईना. डेझीला वाटले बाबा खर्चाला भितात. तिने मला आपल्या गाडीत घातले आणि निघाली.

टोरांटोत कॅथरिन नावाच्या बाई जुनी चित्रे साफ करत. त्यांनी कापसाचा छोटा बोळा केला, जिभेवर ओला केला आणि माझ्या एका कोपऱ्यावर फिरवला. हो, थुंकीने. तिच्यासारखे सौम्य काही नाही, म्हणाल्या. मग बाटल्या उघडल्या. कित्येक दिवस त्या आणि मी. बोळ्याबोळ्याने वार्निश निघाले. हात आला. तलवार आली. साखळी आली, साखळीला लोंबणारे सोन्याचे मेंढरू, स्पेनच्या राजाची खूण, आले. आणि कॉलर, बर्फासारखी.

मला थंडी वाजली. इतक्या वर्षांनी मी राजा झालो होतो आणि मला लाज वाटत होती.

डेझी बाबांना बरोबर घेऊन मला न्यायला आली. तिने साखळीचे मेंढरू वाकून पाहिले. ती नेमका हाच काळ शिकलेली होती.

घरी जाताना गाडी इझिकेल चालवत होता. मी मागच्या सीटवर होतो.

"हा कोण आहे माहीत आहे तुम्हाला?" डेझीने विचारले.

"स्पेनचा राजा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हा ती जेवत नव्हती," इझिकेल म्हणाला.

"डॅड, याच्या राज्यात ज्यू असणं हाच गुन्हा होता. दे बर्न्ट अस."

"आपल्याला कशाला? आपण तेव्हा कोकणात तेल गाळत होतो."

"दॅट्स नॉट द पॉइंट."

"नाही," तो म्हणाला. त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "मला त्या दिवशी फक्त दाढी दिसली गं. तिलाही."

मला बेसमेंटमध्ये ठेवायचे ठरले. आईला सांगायचे की चित्र दुकानात आहे, वेळ लागतोय. विंटर टायर आणि मिठाची गोणी यांच्यामागे मला भिंतीला टेकवले. वर एक चादर.

उजवा डोळा

पट्टी निघाली. जाड भिंगांचा चष्मा आला. वरून मला त्यांची पावले ऐकू येत. त्या या खोलीतून त्या खोलीत जात, थांबत. घरातला एकेक कोपरा नव्याने बघत असाव्यात. माझ्याबद्दल विचारत. इझिकेल दुकानाचे कारण सांगे. दिवस गेले, कारण तेच राहिले.

मग एका सकाळी, तीन दारे वाजून गेल्यावर, त्या जिना उतरून खाली आल्या. हाताने भिंत धरत, एकेक पायरी. बेसमेंटमध्ये त्या कधी येत नसत. चादर ओढली.

वरच्या छोट्या खिडकीतून बर्फाचा उजेड येत होता. त्यांना सगळे स्पष्ट दिसत होते. त्यांनी साखळीवर बोट ठेवले. तलवारीवर ठेवले. कॉलरपाशी थांबल्या. मग माझ्या डोळ्यांकडे पाहिले आणि तिथेच राहिल्या.

"डोळे तर तेच आहेत," त्या म्हणाल्या. आणि मग, "कोण रे तू?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता.

इझिकेल संध्याकाळी आला तेव्हा त्या तिथेच होत्या, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून. त्याने सगळे सांगितले. गवतावरची विक्री, स्पेन, बुटांची जोडी हातात धरून गप्प राहिलो ते. सांगताना तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर खाली बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, कोट अजून अंगात.

शोशनाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

"इतकी वर्षं मी बोलत होते," त्या म्हणाल्या. "ते गेलं कुठं?"

तो बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"मला वाटायचं, ऐकतोय कोणीतरी."

"मला सांग ना आई," इझिकेल म्हणाला. "आता मला सांग. मी ऐकतो."

त्यांनी त्याच्याकडे नव्या डोळ्याने नीट पाहिले. तो किती म्हातारा झाला आहे ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसले असावे.

"आता काय सांगू, बाळा," त्या म्हणाल्या. "सगळं सांगून झालं."

वाटा

नवस मात्र नवस होता. तो देवाला बोललेला, माझ्याशी त्याचा संबंध नव्हता. मलिदा झाला. नथानिएल आला. बैठकीच्या खोलीत माझ्या जागी भिंतीवर फिकट चौकोन होता. मी नव्हतो, तर त्याने पाठ कोणाकडे केली कोण जाणे. प्रार्थना मला खालून ऐकू आली. त्यात शोशनाबाईंचाही आवाज होता, कापरा, पण मोठा. चारशे वर्षे मी दुसऱ्यांच्या जागी उभा राहिलो. माझी जागा रिकामी राहिली आणि तरी सगळे नीट पार पडले, असे त्या दिवशी प्रथमच झाले.

मग जिन्यावर पावले वाजली. त्या हातांत दोन बश्या घेऊन आल्या. पोहे, खोबरे, केळ्याचा तुकडा, दोन खजूर. मलिदा वाटताना घरात असलेल्या कोणाला वगळायचे नाही, अशी त्यांची रीत. वाटसरू असो, शेजारी असो.

"घरात आहेस, म्हणून," त्यांनी मला सांगितले. एक बशी मिठाच्या गोणीवर ठेवली.

बादलीवर बसून त्यांनी आपला वाटा खाल्ला. त्यापुढे माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. संपल्यावर माझीही बशी उचलली, त्यातले खजूर तोंडात टाकले, आणि वर गेल्या.

पुढच्या वर्षी त्या वारल्या. त्याआधी इझिकेल रोज कामावरून आल्यावर त्यांच्याजवळ बसू लागला होता. कोट काढून, पाय वर घेऊन. त्या त्याला हवापाण्याचे सांगत, भाजीच्या भावाचे सांगत, डेझीच्या लग्नाचे विचारत. घाण्याला जुंपून घेतलेल्या सासऱ्यांचे नाही. बस स्टॉपचे नाही.

मी अजून इथे खाली आहे. कॅथरिनबाईंनी सांगितले होते की मला ओलीपासून जपा, मीठ जवळ ठेवू नका. गोणी आहे तिथेच आहे.

एकदा इझिकेल आला. टायर काढायला आला होता. टायर तसेच ठेवून बादलीवर बसला. माझ्याकडे पाहत राहिला.

"काय सांगायची रे ती?" त्याने विचारले.

मित्रांनो, मला सगळे माहीत आहे. शब्दन्‌शब्द. माझे ओठ राजाचे आहेत, मिटलेले, चारशे वर्षांपूर्वी वाळलेले. तो उत्तरासाठी थांबला. मग टायर घेऊन वर गेला.

तुमच्या घरात कोणी भिंतीशी बोलत असेल, तर दुरून हसू नका. गप्पही राहू नका, प्रेमाने गप्प राहत असाल तरी. त्यांच्या आणि भिंतीच्या मधे जाऊन बसा. आणि माझ्यासारखे एखादे जुने चित्र घरात असेल, तर त्याला कोरड्या, मऊ कापडाने पुसत जा. त्याने काय काय ऐकले आहे, ते त्याला सांगता येत नाही.

माझे डोळे ज्याने रंगवले त्याने राजाला कधी पाहिले नव्हते; चित्रशाळेत चुलीसाठी लाकडे फोडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने समोर बसवले होते.